विदूषकापुढचे दुसरे आसन

ज्याला आपण चारचौघांत हसलो, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे काही बंधन आपणांवर येते काय? प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा दिसतो. परंतु तो नीतीचा आहे. संस्कृत नाटकातील विदूषक राजाची थट्टा करतो, तेव्हा राजा तेथेच असतो आणि उत्तरही देतो. तमाशाच्या गवळणीत सोंगाड्या मावशीची फिरकी घेतो; मावशीही त्याला सोडीत नाही. आजचा एकपात्री विनोदकार मात्र ध्वनिक्षेपकापुढे एकटा उभा असतो. ज्याच्यावर विनोद करावयाचा तो गैरहजर, आणि श्रोते तिकीट काढून हसावयास आलेले. वकिलीच्या भाषेत हा एकतर्फी हुकूमनामा होय.

मुंबईचे कुणाल कामरा यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०१३ च्या सुमारास ते रंगमंचावर आले. राजकीय विनोदाने त्यांना नाव मिळाले. २०१७ साली त्यांनी ‘शट अप या कुणाल’ हा पॉडकास्ट, म्हणजे मुलाखतींचा कार्यक्रम, सुरू केला. ज्या पक्षाची ते एरवी थट्टा करीत, त्याच भारतीय जनता पक्षाच्या युवा मोर्चाचे मधुकेश्वर देसाई यांना त्यांनी पहिल्याच भागात समोर बसविले. पुढे कन्हैया कुमार, उमर खालिद यांच्यासारखे अगदी उलट मताचे लोकही तेथे आले. शस्त्र विनोदाचेच राहिले. परंतु आता समोर दुसरे आसन मांडले गेले, आणि त्यावर बसणाऱ्यास उलट बोलता येऊ लागले. दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हा तर न्यायशास्त्राचा पहिला पाठ.

यावर आक्षेप निघेल की आसन मांडणारा, प्रश्न विचारणारा आणि शेवटी कात्री चालविणारा एकच असतो; आणि त्याने आपल्याच मताची माणसे बोलाविली, तर मुलाखतीचे भजनी मंडळ व्हावयास वेळ लागत नाही. आक्षेप खरा आहे. शिवाय सत्ताधाऱ्यास विदूषकाच्या आसनाची गरज ती काय? सभा, वृत्तपत्रे, नभोवाणी सारे त्याच्या हाताशी असते. म्हणून हे बंधन सर्वत्र सारखे नाही. दुबळ्यास हसणाऱ्यावर ते कठोर आहे, बलवंतास हसणाऱ्यावर सौम्य. पण ते अजिबात नाहीसे होत नाही. कारण समोर माणूस बसला, की ज्याला आपण सोंग समजत होतो त्यालाही काही कारणे असतात, हे हसणाऱ्यास कळते.

मात्र बंधन हसणाऱ्यावरच आहे असे मानणे ही सोयीस्कर समजूत होईल. आमच्या छाणीपासून जवळच, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, ऑगस्ट २०१८ मध्ये ठरलेला कामरा यांचा प्रयोग काही माजी विद्यार्थ्यांच्या तक्रारीनंतर रद्द झाला. सभागृहाला नाव होते नाटककार चंद्रवदन मेहता यांचे! मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनानंतर मुंबईत खार येथील ज्या जागी तो प्रयोग झाला होता, तेथे शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. याउलट २०२० साली सर्वोच्च न्यायालयाविषयीच्या त्यांच्या उपरोधिक मजकुरावर अवमानाचा अर्ज झाला. महान्यायवादींनी संमती दिली, न्यायालयाने नोटीस काढली आणि कामरांनी प्रतिज्ञापत्राने उत्तर दिले. तक्रार योग्य होती की नव्हती, याविषयी मतभेद असोत. परंतु तेथे दोन्ही आसने शाबूत राहिली. दुखावलेल्याचा मार्ग असा असावा.

देवळात कीर्तनकार आपल्या दांभिकपणाची, आपल्या कंजूषपणाची भर सभेत खिल्ली उडवितात. आपण उठून जात नाही, कारण त्यांना आपले कल्याण हवे आहे असा आपला विश्वास असतो. प्रत्येक विनोदकारावर तसा विश्वास ठेवा असे कोणी सांगू शकत नाही. तो ज्याने त्याने मिळवावयाचा असतो. मात्र विश्वास नसेल त्याने सभा सोडावी, प्रत्युत्तर द्यावे, वाटल्यास न्यायालयाची पायरी चढावी. आसन मोडण्याचा अधिकार त्याला कोणत्याही धर्माने दिलेला नाही.