टेम्पो कुठे रिकामा होतो?

घरातली अडगळ दोन प्रकारची असते. एकीचे पैसे येतात, दुसरी न्यायला पैसे मोजावे लागतात. रद्दी, लोखंड, पितळ, तांब्याची तार यांना भाव आहे. त्यासाठी भंगारवाला काटा घेऊन दारात येतो. पूर्वी घराघरांतून हीच अडगळ जास्त निघे. लाकडी कपाट सुताराकडून दुरुस्त होई, कापसाची गादी पिंजून पुन्हा भरली जाई, जुन्या साड्या बोहारणीकडे जात. आता फोमचा सोफा, भुशाच्या फळ्यांचे सनमायका लावलेले कपाट, स्प्रिंगची गादी, फुटक्या फरशा आणि जुना कमोड यांना भंगारात कोणी विचारत नाही. म्हणून घर बदलताना, नूतनीकरण काढताना किंवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात घर रिकामे करताना ‘सगळे उचलून नेतो’ म्हणणारा टेम्पोवाला बोलवावा लागतो. भाव ठरतो, माणसे येतात, तासाभरात खोली मोकळी होते आणि घरमालकाच्या लेखी विषय मिटतो.

टेम्पोवाल्याच्या खर्चात डिझेल असते, हमालांची मजुरी असते आणि माल योग्य जागी नेऊन उतरवण्याचा खर्च असतो. चौकशीत एकाचा भाव इतरांच्या निम्मा निघाला, तर त्याने यातले काहीतरी गाळलेले असते. डिझेल त्यालाही विकतच घ्यावे लागते आणि हमाल मजुरीशिवाय येत नाहीत. उरते ती शेवटची बाब. मग टेम्पो रात्री नदीपात्रात, टेकडीच्या उतारावर, महामार्गाच्या कडेला किंवा खाडीकाठच्या तिवरांत रिकामा होतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी पडणारा राडारोडा ही जुनी तक्रार आहे. भरावाने पात्र आवळते, आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की ते आधी काठावरच्या वस्तीत शिरते. वरच्या मजल्यावरच्या घराने वाचवलेले पैसे अशा प्रकारे एखाद्या बैठ्या घरातल्या भिजलेल्या धान्यातून वसूल होतात. दोन्ही घरांची ओळखदेख नसते, त्यामुळे कोणी कोणाला जाबही विचारत नाही.

कायद्याने ही जबाबदारी मोघम ठेवलेली नाही. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी 2016 साली केंद्राने केलेल्या नियमांनी तो गोळा करण्याची आणि वेगळा ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच टाकली. पुण्यात वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. तिथे नेलेल्या विटा-काँक्रीटचे पुन्हा बांधकामाचे साहित्य होते. महापालिकेकडे नोंद करून रीतसर माल पाठवणे थोडे महाग पडते आणि दोन दिवस जास्त लागतात. बहुतेकांची सचोटी या दोन दिवसांपाशीच अडते.

जे योग्य जागी पोचते तेही संपत नाहीच. मुंबईतले देवनार क्षेपणभूमी म्हणून 1927 पासून वापरात आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. जवळच्या गोवंडीत तो लोकांच्या छातीत गेला.

राडारोड्यापेक्षा नाजूक बाब यंत्रांची. जुना फ्रिज अनधिकृत अड्ड्यावर गेला की कॉम्प्रेसरमधल्या तांब्यासाठी नळ्या कापल्या जातात आणि आतला वायू हवेत सुटतो. जुन्या फ्रिजमधला वायू ओझोनचा थर विरळ करणारा, त्यानंतरच्या अनेकांतला तापमानवाढीला हातभार लावणारा. खोक्यासारख्या टीव्हीच्या काचेत किलोच्या मापात मोजावे इतके शिसे असते. वायरवरचे प्लास्टिक जाळून तांबे मोकळे करतात तेव्हा डायॉक्सिनसारखी विषारी रसायने तयार होतात. तो धूर घेणारा माणूस त्या घरमालकाला कधीच भेटलेला नसतो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हव्यात. तरीही चार-पाचशे रुपये जास्त देणाऱ्या अनोळखी माणसाला फ्रिज देण्यात अजून कोणाला वावगे वाटत नाही.

बारीकसारीक गोष्टी त्याहून सहज विसरल्या जातात. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, म्हणून त्या न फोडता वेगळ्या ठेवाव्या लागतात. रंग आणि थिनर मोरीत ओतायचे नसतात. फुगलेली मोबाइलची बॅटरी घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेते. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून, वर ठळक लिहून द्याव्या लागतात. फुटकी काच जाड कागदात गुंडाळायची. सोसायटीच्या कचऱ्यातून हाताने सुके वेगळे करणारी बाई हातमोजे घालतेच असे नाही, आणि घातले तरी सुई त्यातून आरपार जाते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून याच माणसांची संघटना म्हणून काम करते. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सदस्यांनी वापरलेले सॅनिटरी पॅड कंपन्यांना परत पाठवण्याची मोहीमही काढली होती, कारण उघडे पॅड हाताळायचे काम त्यांच्याच वाट्याला येत होते.

हमालांचाही विचार इथेच करायला हवा. कितीतरी इमारतींत ‘लिफ्ट सामानासाठी नाही’ अशी पाटी असते. मग चौथ्या मजल्यावरचा फ्रिज एकजण दोर लावून पाठीवर घेतो आणि दुसरा खालून हात देत एकेक पायरी उतरवतो. लिफ्टला खरचटू नये म्हणून घेतलेली ही काळजी पाठीच्या बाबतीत मात्र कोणी घेत नाही. वजनाच्या मर्यादेत सामान बसत असेल, तर लिफ्टच्या भिंतींना जुनी चादर लावून ती वापरू देणे फार अवघड नसते.

टेम्पो ठरवताना माल कुठे उतरवणार हे भावाच्या आधी विचारावे आणि त्या जागेची पावती मागावी. उत्तर ‘तुम्ही काळजी करू नका’ असे आले तर दुसरा माणूस शोधावा. ई-कचरा घेणाऱ्याचे नाव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत यादीत पाहता येते. वापरण्याजोगे कपडे, भांडी, खुर्च्या आधी वेगळ्या काढाव्यात, म्हणजे त्या ढिगाऱ्यात जात नाहीत. फोन, संगणक देण्यापूर्वी त्यातली माहिती पुसावी, आधारकार्डाच्या जुन्या झेरॉक्स फाडाव्यात. एकट्या घराला पूर्ण टेम्पोचा खर्च जड जातो. त्यामुळे सोसायटीने दिवाळीच्या आधी एक दिवस ठरवून अवजड वस्तू आणि ई-कचरा एकत्र पाठवला, तर फेरी भरून जाते आणि खर्च वाटला जातो.