सेवा एकट्या पोराच्या खांद्यावर का?



सिकलसेल हा आजार आपल्या विदर्भातील अनेक बौद्ध व आदिवासी घरांत आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा उठतात. अशा वेळी आई-बाप मजुरीला गेलेले असले, तर रोग्याजवळ कोण बसते? बारा-तेरा वर्षांची बहीण किंवा भाऊ. पाणी पाजणे, अंग शेकणे, रात्र जागणे, मेडिकल किंवा मेयोच्या रांगेत चिठ्ठी धरून उभे राहणे, सारे तेच करते. कुठे रोगी भाऊ असतो, कुठे अर्धांगवायूने पडलेला बाप असतो. शेजारी म्हणतात, "पोरगी मोठी गुणाची!" शाळेच्या हजेरीपटावर मात्र तिची गैरहजेरी वाढत जाते.

विचार करा, हे सारे तिचे एकटीचे कर्तव्य आहे काय?

जुन्या धर्माने आपल्यापुढे श्रावणबाळ ठेवला. आंधळ्या आई-बापांची कावड त्याने एकट्याने वाहिली. सर्वांनी त्याची स्तुती केली. पण कावडीला दुसरा खांदा द्यावा, असे कोणालाही वाटले नाही.

आता भगवान बुद्धांचे उदाहरण पाहा. विनयपिटकातील महावग्गात ते आले आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खूंच्या तो उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याची सेवा कोणी करीत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले व खाटेवर निजविले. प्रत्यक्ष तथागतांनीही रोगी एकट्याने उचलला नाही! नंतर त्यांनी संघ बोलावून जाब विचारला आणि नियम घालून दिला की, ज्याला कोणी नाही त्याची सेवा संघाने करावी. न केल्यास तो संघाचा दोष होय.

तेव्हा सेवा हा धम्म आहे, यात शंका नाही. पण ती वाटून घेणे हाही धम्मच आहे. सिगालोवाद सुत्तात मुलांनी आई-बापांचा सांभाळ करावा असे सांगितले आहे. त्याच सुत्तात आई-बापांनी मुलांना विद्या व कला शिकवावी असेही सांगितले आहे. कर्तव्य दोन्हीकडून असते. सेवेच्या नावाखाली मुलीची शाळा सुटली, तर आपण सुत्ताचा अर्धाच भाग पाळला.

"तिच्या नशिबी आले," असे तर मुळीच म्हणू नका. पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. सिकलसेल आई-बापांच्या रक्तातून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नापूर्वी दोघांचेही रक्त तपासून घ्या.

इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने अशा मुलांची गरज तपासण्याची जबाबदारी स्थानिक शासनावर टाकली. आपल्या वस्तीत विहार आहे. आपण कशाची वाट पाहावी? रविवारच्या वंदनेनंतर विचारा, कोणत्या घरात लहान पोर रोग्याची सेवा करते? दोन घरांनी पाळीने रोग्याजवळ बसावे, म्हणजे पोर शाळेत जाईल. एखाद्या तरुणाने इस्पितळाची खेप आपल्याकडे घ्यावी. गुरुजींना घरची परिस्थिती सांगावी, म्हणजे गैरहजेरीबद्दल पोराला शिक्षा होणार नाही. परीक्षेच्या महिन्यात तरी त्याला रात्रीची झोप मिळू द्यावी. आणि घरातल्या मुलग्यालाही सेवा शिकवा. ती केवळ बहिणीच्या वाट्याची नाही.

त्या पोराला कधी जवळ बसवून एवढेच विचारा, "बाळा, तू थकलास का?" हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारलेलाच नसतो. त्याचे उत्तर ऐकून घ्या, आणि मग कावडीचे दुसरे टोक उचला.

जय भीम!