सतरंजी कोणी अंथरायची?

गावात सांस्कृतिक कार्यक्रम झाला आणि मंचावर हिंदू, मुस्लिम, बौद्ध असे सगळे दिसले की आपण त्याला एकात्मतेचा कार्यक्रम म्हणतो. एकाने भजन म्हणायचे, दुसऱ्याने कव्वाली, तिसऱ्याने भीमगीत. शेवटी शाल, नारळ आणि आभार. यात वाईट काहीच नाही. तरी एक प्रश्न उरतोच. शेजारी बसणे आणि सोबत बसणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? आणि त्या एक नसतील, तर दुसऱ्याला आपल्या मंचावर बोलावून आपण नेमके काय साधतो?

हा प्रश्न वऱ्हाडात विचारायला कारण आहे. गावाने मिळून कला उभी करण्याचे दोन मोठे प्रयोग याच मातीत झाले. पहिला संत गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले बाबा गावात आले की आधी हातात झाडू घेत. दिवसा गल्ल्या साफ होत आणि रात्री कीर्तन उभे राही. कीर्तनात बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि समोर बसलेली माणसे उत्तरे देत. लोकांच्या उत्तरावाचून ते कीर्तन पुढे सरकतच नसे. म्हणजे निम्मे कीर्तन बाबांचे आणि निम्मे गावाचे. ज्याने सकाळी झाडू धरला तो रात्री हक्काने बसे. त्याला कोणी बोलावलेले नसे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांचे निधन झाले. त्यांचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. पण आजच्या कार्यक्रमांत श्रोत्याला प्रश्न विचारण्याची ती रीत क्वचितच दिसते.

दुसरा प्रयोग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. हातात खंजिरी, मुखात भजन, आणि ते भजन मराठीतही आणि हिंदीतही. ज्याला जी भाषा जवळची, त्याने त्या भाषेतून आत यावे. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत लहानथोर सगळे एका ओळीत बसतात. ओळीत बसण्याचे मोल मुसलमानाला वेगळे सांगावे लागत नाही. मशिदीतल्या सफेत मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे आपण लहानपणापासून पाहतो.

इथे एक प्रामाणिक शंका येते. कीर्तन असो की भजन, त्यात श्रद्धा मिसळलेली असते. मग ज्याची इबादत वेगळी आहे त्याने तिथे कसे बसावे? मला वाटते, ही शंका झटकून टाकू नये. सोबत बसण्यासाठी कोणी आपला सजदा सोडावा किंवा कोणी आपला नमस्कार बदलावा, अशी अट घातली की तिथे सोबत संपते आणि सक्ती सुरू होते. पण ऐकण्याला, उत्तर देण्याला, मैदान झाडण्याला आणि पाणी भरण्याला कोणाचाही धर्म आड येत नाही. आपल्या खेड्यांनी हे पूर्वीच ओळखले होते. मोहरमच्या सवारीला नवस बोलणारी आणि खांदा देणारी हिंदू घरे वऱ्हाडात कितीतरी होती. त्यांना कोणी कलमा पढायला लावला नाही.

खरी अडचण पाहुणेपणाची आहे. विषय एकतेचा असला की मुस्लिम कवीला आठवणीने निमंत्रण येते. विषय पाऊस, कापूस, कर्ज असा असला की त्याची आठवण होत नाही. जणू त्याच्या शेतात कापूस पिकतच नाही आणि त्याच्या दारी सावकार येतच नाही! मुसलमानाने फक्त मुसलमान म्हणूनच बोलावे, अशी ही अपेक्षा असते. ती प्रेमाने केली तरी माणसाला लहान करते. पाहुण्याला मान मिळतो, पण घरात काय शिजवायचे ते त्याला कोणी विचारत नाही.

पाहुणेपण ओलांडता येते, याचा दाखला अमरावतीतच आहे. १९३२ साली तिथे जन्मलेल्या सुरेश भटांनी गझल हाती घेतली. त्यांच्याआधी फारसीचे अभ्यासक माधव जूलियन यांनी 'गज्जलांजली'तून ती मराठीत आणली होती. भटांनी मतला, काफिया आणि रदीफ यांचे नियम नीट समजून घेतले, ते मराठीत मुरवले आणि नव्या लिहिणाऱ्यांसाठी गझलेची बाराखडी लिहून ठेवली. अमरावती जिल्ह्यातल्याच आष्टगावचे भीमराव पांचाळे तीच मराठी गझल गावोगाव गाऊ लागले. आता ती उर्दूची पाहुणी राहिलेली नाही, मराठीच्या घरची झाली आहे. कारण तिच्यासाठी कोणीतरी शिकण्याचे कष्ट घेतले.

मग हाच प्रश्न आपण आपल्या मोहल्ल्यालाही विचारला पाहिजे. अचलपूर, बाळापूर, अकोला इथल्या मुशायऱ्यांत मराठी गझलकार किती बसतात? आमच्या उर्दू शाळेत मराठी शिकवली जाते; पण मी जेव्हा वर्गात सुरेश भटांचे नाव घेतो, तेव्हा ते मुलांना नवे असते. मुशायरा असो की कीर्तन, बायकांना बसायला कडेची जागा आणि बोलायला जागाच नाही, यात मात्र आपली एकात्मता पूर्ण आहे! दुसऱ्याच्या मंचावर आपल्याला हक्क हवा असेल, तर आपल्या मंचावर दुसऱ्याला तो द्यावा लागेल.

म्हणून मंचावर किती धर्मांची माणसे बसली, हे मोजून कार्यक्रमाची परीक्षा होणार नाही. विषय कोणी ठरवला, सतरंजी कोणी अंथरली आणि एखादी गोष्ट खटकली तर ती बोलून दाखवायची मोकळीक कोणाला होती, हे पाहावे लागेल. सुरुवात लहानच करता येईल. एकाच गावातल्या उर्दू आणि मराठी शाळांनी दोन वेगळी स्नेहसंमेलने घेण्याऐवजी एक नाटुकले मिळून बसवावे. विषय एकतेचा नको, गावच्या आटलेल्या विहिरीचा असावा. संवाद मुलांनीच दोन्ही भाषांत लिहावेत, भांडावे, खोडावे, पुन्हा लिहावेत. पडदा दोघांनी मिळून बांधावा आणि कार्यक्रम संपल्यावर मैदानही दोघांनी मिळून झाडावे. एवढे झाले तर एकतेवर वेगळे भाषण ठेवावे लागणार नाही.