मूल्यांचे दान आणि स्वीकाराचे स्वातंत्र्य

मनुष्यास जे सत्य म्हणून पटते, ते आपल्या माणसांसही पटावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्या विचाराने आपले जीवन सावरले, तो शेजाऱ्यास किंवा पुत्रास न सांगणे हा एक प्रकारचा कृपणपणाच होय. परंतु तोच विचार दुसऱ्यावर लादला असता त्याचे मूल्यपण नाहीसे होते, हाही नित्याचा अनुभव आहे. म्हणून आपली श्रद्धा, आपला आचार व आपली मूल्ये इतरांस कशी द्यावीत, हा प्रश्न केवळ उपदेशकुशलतेचा नसून नीतीचा आहे.

हा प्रश्न आश्रमापेक्षा गृहस्थाच्या घरी अधिक तीव्रतेने उभा राहतो. उपदेशी कुटुंबात परपंथातील सून येते. तिच्या माहेरी कुलदैवताची पूजा, नवस, जत्रेतील बळी हे सारे परंपरेने चालत आलेले असते. सासरी पहिल्याच दिवशी तिला सांगितले जाते की, यांपैकी काहीही या घरात चालणार नाही. ती निमूटपणे मान्य करते. घरच्यांस वाटते, आपला आचार तिने स्वीकारला. वास्तविक तिने आज्ञा स्वीकारलेली असते. आचारामागील विचार तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. मूल आजारी पडले की ती गुपचूप नवस बोलते, आणि घरात श्रद्धेच्या जागी लपवाछपवी येते. येथे दोष सुनेचा किती आणि सांगणाऱ्यांचा किती, याचा विचार व्हावयास हवा.

पूर्वाचार्यांनी या बाबतीत घालून दिलेला पहिला दंडक भाषेचा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी मराठीतून निरूपण केले. पुढे केशोबासांसारखे विद्वान संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले. कारण अशा लेखनामुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, अशी त्यांची चिंता होती. येथे संस्कृताचा द्वेष नाही. सांगणाऱ्याचे पांडित्य मोठे की ऐकणारीचे आकलन मोठे, एवढाच निर्णय त्यात आहे, आणि तो ऐकणारीच्या बाजूने दिलेला आहे. उपरोक्त सुनेस पारिभाषिक शब्दांनी बांधून टाकणारे घर नेमका हा निर्णय विसरलेले असते.

दुसरा दंडक दृष्टांताचा आहे. केशोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. त्यातील प्रत्येक प्रकरणास सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आहेत. सूत्रात सिद्धांत थोडक्यात येतो. दृष्टांत ऐकणाऱ्याच्या परिचित जगातून उचललेला असतो. दार्ष्टांतिक त्या दोहोंचा सांधा जुळवून दाखविते. सामान्यतः मनुष्य आपली मूल्ये सांगताना केवळ सूत्र सांगून मोकळा होतो. 'हिंसा करू नये' हे सूत्र झाले. परंतु जिने माहेरी स्वतः करडू पाजून वाढविले आहे, तिला त्या करडाच्या भयाची आठवण करून दिली, तर अहिंसेचा अर्थ तिच्या अनुभवातूनच उमलतो. मग तो विचार परका राहत नाही.

तिसरा दंडक प्रामाणिकपणाचा. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी ज्यांनी लीळा पाहिल्या व ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. मूळ प्रत परचक्रात नष्ट झाल्यावर ग्रंथ स्मरणाने पुन्हा उभा राहिला, तेव्हा निरनिराळ्या परंपरांतील भिन्न पाठ 'वासना' म्हणून नोंदविले गेले. श्रद्धा अढळ असूनही मतभेद दडविला गेला नाही. आपली मूल्ये सांगणाऱ्यानेही शास्त्राने सांगितलेले कोणते, स्वतः अनुभवलेले कोणते आणि केवळ घराण्याची रीत म्हणून चालत आलेले कोणते, हे वेगळे करून सांगावे. घराण्याच्या रीतीस शास्त्राचा मुलामा दिला, तर तो ज्या दिवशी उघडा पडतो, त्या दिवशी शास्त्रावरचाही विश्वास उडतो.

याउलट काहीच न सांगणे हाही मार्ग नव्हे. चौदाव्या शतकापासून पंथीय ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. ग्रंथांचे पावित्र्य राखले जावे, ही त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत बाहेरच्या समाजास हे वाङ्मय जवळजवळ अज्ञात राहिले, आणि त्या अज्ञानात पंथाविषयी अनेक गैरसमज पोसले गेले. जे सांगितले जात नाही, त्याच्या जागी लोक आपली कल्पना बसवितात. घरातही हेच घडते.

येथे एक शंका संभवते. समोरच्याच्या जिज्ञासेची वाट पाहावयाची, तर डोळ्यांदेखत घडणाऱ्या अन्यायाचे काय? जत्रेत बळी दिला जात असता, पंक्तीत कोणास जातीमुळे दूर बसविले जात असता, प्रश्न विचारला जाईपर्यंत मौन धरावे काय? याचे उत्तर असे की, स्वतः सहभागी न होण्यास कोणाच्या जिज्ञासेची आवश्यकता नाही. तेथून उठून जावे, आणि उठण्याचे कारण शांतपणे, एकदा, स्पष्ट सांगावे. दुर्बळाचे रक्षण हे कर्तव्य आहे. त्यास उपदेशाचे नियम लागू नाहीत. परंतु दुसऱ्याच्या अंतःकरणातील श्रद्धा बदलणे हे वेगळे कार्य आहे. तेथे बळ निरुपयोगी ठरते.

आता त्या सुनेकडे पुन्हा वळावे. तिच्या मुलास ताप येतो. सासू रात्रभर उशाशी बसते, वैद्यास बोलावते, नामस्मरण करते. नवसाबद्दल एक कठोर शब्दही उच्चारीत नाही. मूल बरे झाल्यावर एखाद्या दिवशी सून विचारते, "आत्याबाई, त्या रात्री तुम्हाला भीती नाही वाटली?" सासू म्हणते, "वाटली ना बाई. पण देवाला लाच द्यावी, असं नाही वाटलं." या संवादानंतर ती सून पंथाचा स्वीकार करील किंवा न करील. तो निर्णय तिचा आहे. सांगणाऱ्याचे कर्तव्य, ऐकणारीच्या मनात प्रश्न उमटेल असे वागणे व प्रश्न आल्यावर खरे उत्तर देणे, इतकेच असते. त्यापुढचा अधिकार त्या जीवाचा, आणि परमेश्वराचा.