खर्जाची तार

बसा. स्पीकर अजून सुरू करायचे नाहीत.

वांद्रे पूर्वेला, कलानगरच्या बाजूची दहा बाय बाराची खोली. रात्रीचे साडेअकरा. खिडकी लावून घ्या, पंखाही बंद करा. पाच मिनिटं उकडलं तर उकडू दे. आता ऐका, काय उरलंय ते. द्रुतगती महामार्गाची घरघर, फ्रिजची गुणगुण, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज. लाखालाखाचे स्पीकर आणले तरी ते वाजणार या सगळ्यासकट.

एक टाळी वाजवा. टाळी संपल्यावर भिंतींमध्ये बारीक टणटण राहिली ना? समोरासमोर मोकळ्या भिंती आणि खाली लादी, दुसरं काय होणार! सतरंजी पसरा, पुन्हा वाजवा. हा फरक फुकटातला आहे, म्हणूनच बहुधा दुकानात कोणी दाखवत नाही.

समोर दोन जोड्या आहेत. दुकानदाराने शनिवार-रविवारपुरत्या भरवशावर दिलेल्या. एक कमरेएवढी, जमिनीवर उभी, दोन-दोन वूफरांची. दुसरी जेमतेम फूटभर उंच, एलएस३/५ए या जुन्या स्पीकरच्या वंशातली. बीबीसीने तो १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, अडचणीच्या जागेत बोलणं-गाणं पारखण्यासाठी बनवला होता. अडचणीची जागा म्हटल्यावर मुंबईकराने कान टवकारावेत.

आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. मोठी जोडी कागदावर ८९ डेसिबलची, धाकटी ८३ची. या सहा डेसिबलसाठी अँपला चौपट वॉट मोजावे लागतात. नॉब तिथंच ठेवून जोडी बदललीत तर थोरली जिंकणारच. जोरात वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं. कानांचा हा भाबडेपणा मी स्वतः पैसे मोजून शिकलोय.

आता भीमसेनांचा एखादा बडा ख्याल लावा. गाण्याकडे लक्ष नको. मागचा तंबोरा धरा.

थोरल्या जोडीवर पहिली दोन मिनिटं थक्क व्हायला होतं. डग्ग्याचा घुमारा थेट पोटात उतरतो. थांबा, इतक्यात हरखू नका. डग्ग्याचा एखादाच आघात बाकीच्यांपेक्षा फुगतोय का? तो ना तबलजीचा दोष, ना स्पीकरचा. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झची लहर बरोबर अर्धी मावते आणि तिच्या दुपटीची, ९४ची, पुरी. या दोन सुरांवर खोली स्वतःच गायला लागते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढा. फुगवटा कमी होईल, पण मग कपाटाचं दार पूर्ण उघडणार नाही. घरातल्या माणसांना विचारूनच ओढा.

हळूच जोडी बदला. पुन्हा तीच जागा, तोच तंबोरा.

काळी एकचा सूर धरला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. एवढ्याशा डब्यातून तो मूळ सूर नीट बाहेर पडत नाही. तरी खर्ज ऐकू येतोच. का? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो. तो जागेवर बसला की तार घोडीला घासत सुटते आणि मूळ सुरावर स्वरांची रास उभी राहते. आपला मेंदू त्या राशीवरून खालचा खर्ज ओळखून घेतो. मिरजेचे कारागीर दोरा केसभर इकडेतिकडे करत ज्यासाठी बसतात ते हेच.

तेव्हा आता दोरा ऐका. दोन ओळींच्या मध्ये बुवा श्वास घेतात, तिथं. तार सुटल्यावर तिची रास एकेक पाकळीने उलगडते, की सगळं मिळून नुसता एक सपाट झंकार उरतो? मला धाकट्या जोडीवर पाकळ्या मोजता आल्या. थोरलीवर त्या होत्या, पण खोलीच्या गुणगुणीत बुडालेल्या. मोठा दिवाणखाना असता तर कदाचित मी उलटं लिहिलं असतं.

लगेच ठरवू नका. आवाज अजून खाली आणा, शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसाला कळणार नाही इतका. बुवांनी श्वास घेतला. महामार्गावरून एक ट्रक गेला. तो जाऊ दे.

तंबोरा परत कुठून वर येतो, ते बघा.