रुळांवरची गावं

वळिवड्याच्या आमच्या घरात दुसरं महायुद्ध म्हणजे पोलंड कॅम्प. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या गावाला लागून, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर, सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहून गेली. बहुतेक बायका आणि मुलं. आजी तेव्हा परकर-पोलक्यातली पोर; वडिलांच्या मागं लागून कॅम्पात दूध घालायला जायची. ती माणसं आली कुठून, असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "हिटलरनं घराबाहेर काढल्याली माणसं ती." कॅम्प मोडला तेव्हा स्टेशनवर गाडीत चढताना बायका रडत होत्या, हेही ती दर वेळी सांगायची. "आपल्या गावाला निघाल्या न्हवं. डोळं भरून येणारच."

पन्नास वर्षं मी हेच खरं धरून चाललो. वॉर्साला गेलो तेही हेच बरोबर घेऊन.

तिथं क्राशिन्स्की बागेच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला पोलिश सेनानी जनरल अँडर्स यांचं नाव आहे. कडेलाच इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आणि त्याच्याजवळ आमच्या कोल्हापूरचं नाव कोरलेला फलक. परक्या राजधानीत आपल्या गावाचं नाव दगडावर पाहिलं की काय होतं, ते सांगता येत नाही. मी त्यावरून हात फिरवला. मग त्याच रस्त्यानं उत्तरेकडे काही मिनिटं चाललो आणि मुरानोव्स्का रस्त्यावरच्या दुसऱ्या स्मारकापाशी पाय थांबले.

रुळांवर एक उघडी मालगाडीची वाघीण उभी आहे. तिच्यात क्रूस दाटीवाटीनं कोंबलेले, काही सरळ, काही कलंडलेले; त्यांच्यात एक ज्यू आणि एक मुस्लिम थडग्याचा दगडही आहे. रुळांखालच्या प्रत्येक स्लीपरवर एका ठिकाणाचं नाव. मी वाकून एकेक नाव लावत गेलो, नकाशा काढून बघत गेलो. सगळी पूर्वेकडची. जर्मनीतलं एकही नाही. स्मारकाचं अनावरण झालं ती तारीख १७ सप्टेंबर १९९५. सप्टेंबरच्या सतरा तारखेचा अर्थ पोलंडमध्ये कुणाला सांगावा लागत नाही. १ सप्टेंबर १९३९ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरला, १७ सप्टेंबरला स्टालिन पूर्वेकडून.

आमच्या कॅम्पातली बहुतेक माणसं या पूर्व पोलंडची. फेब्रुवारी १९४०पासून जून १९४१पर्यंत चार लाटांमध्ये सोव्हिएत पोलिसांनी तीन लाखांहून अधिक लोकांना घरांतून उचललं आणि मालगाड्यांत घालून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि स्टालिनला अचानक दोस्तांची गरज पडली. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारशी करार झाला, कैदी सुटले. जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर बायकामुलं १९४२मध्ये इराणला पोचली आणि तिथून पुढं हिंदुस्थानात. म्हणजे आजीच्या वाक्यातला हिटलर तिथं होता, पण भलत्या जागी. या माणसांना घराबाहेर काढलं स्टालिननं. ती सुटली हिटलरच्या हल्ल्यामुळं.

हे आम्हाला का ठाऊक नव्हतं? पोलंडपुरतं उत्तर सोपं आहे. १९४५च्या जेत्यांत स्टालिन होता आणि नंतरची चाळीसहून जास्त वर्षं वॉर्सात मॉस्कोच्याच मर्जीतलं सरकार. १९४०मध्ये काटिनच्या जंगलात आणि इतरत्र सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैदी मारले गेले. मॉस्कोनं ते १९९०पर्यंत जर्मनांवर ढकललं. अँडर्स यांचं नाव रस्त्याला लागलं तेही कम्युनिस्ट राजवट गेल्यावर. कोल्हापुरात मात्र कुणाची बंदी नव्हती. पाच वर्षं ती माणसं शेजारी राहिली, आणि आम्ही विचारलंच नाही. उलट 'आम्ही आसरा दिला' हे अभिमानानं सांगत आलो. जागा आमच्या संस्थानातली, माया गावकऱ्यांची, हे खरं. पण कॅम्पाचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं, हे त्या अभिमानात कधी आलं नाही.

त्या वाघिणीपासून थोडं चाललं की स्टाव्हकी रस्ता. इथूनही गाड्याच सुटल्या. २२ जुलै १९४२पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक ज्यूंना इथून ट्रेब्लिंकाला नेऊन मारलं. तिथल्या स्मारकाच्या पांढऱ्या भिंतीवर चारशेहून अधिक नावं आहेत, नुसती पहिली, आडनाव नाही. पूर्वेला गेलेल्या गाड्यांतून जगलेली माणसं आमच्या गावात दूध घ्यायला उभी राहिली. स्टाव्हकीहून सुटलेल्या गाड्यांतून जवळजवळ कुणीच परत आलं नाही. दोन्ही दुःखं एका तराजूत घालणाऱ्यांशी माझं जमणार नाही. युद्धात उद्ध्वस्त झालेलं जुनं वॉर्सा अठराव्या शतकातल्या बेलोट्टोची चित्रं समोर ठेवून पुन्हा उभारलं, आणि तिथं गर्दी मावत नाही. ज्यूंची वस्ती मात्र पुन्हा उभारली नाही. तिच्या ढिगाऱ्यावरच मुरानूव्हच्या नव्या इमारती बांधल्या, त्याच विटांचा चुरा सिमेंटात कालवून. म्हणूनच तिथल्या काही घरांकडे जायला रस्त्यावरून पायऱ्या चढाव्या लागतात. मी त्या चढलो. वर बाक होते, एक बाई बाळाला फिरवत होती.

संध्याकाळी त्या स्लीपरांपाशी परत आलो. १९४५च्या याल्टा परिषदेत पोलंडची सरहद्द पश्चिमेला सरकवण्याचं ठरलं. कॅम्पातल्या माणसांची गावं सोव्हिएत संघात गेली. आज ती युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. १९४८मध्ये वळिवड्याहून निघालेले कितीतरी जण इंग्लंडला गेले, ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले, आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं.

आजी तेव्हा स्टेशनवर उभी होती, गाडी हलेपर्यंत. तिनं पाहिलेल्या त्या बायकांपैकी बहुतेकींना जायला आपलं गाव उरलेलं नव्हतं.