धुराला कोण विचारतं?

जेवण नको असेल तर ताट सरकवता येतं. श्वासाचं तसं नाही. हवा कशीही असो, आत घ्यावीच लागते. मला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे हे जरा जास्तच कळतं. म्हणूनच फुफ्फुसांच्या नॅनोऔषधांबद्दल वाचताना एक प्रश्न डोक्यातून जात नाही: दुसऱ्याच्या फुफ्फुसात काही सोडायचं, तर कोणत्या अटीवर?

सालब्युटामॉलची गोळी असते 2 किंवा 4 मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात मात्र 100 मायक्रोग्रॅमच. औषध थेट जागेवर पोचतं, म्हणून थोडं पुरतं. नॅनोऔषध त्याच्या पुढचं पाऊल. स्निग्ध पदार्थाच्या किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत औषध भरायचं, म्हणजे ते सुजलेल्या भागात हळूहळू सुटत राहील. दमा आणि सीओपीडीसाठी हे काम बरंचसं अजून प्रयोगांच्याच पातळीवर आहे. पण अशा कणांत भरलेलं अमिकासिन हे प्रतिजैविक, फुफ्फुसाच्या एका चिवट संसर्गासाठी, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हुंगून घ्यायच्या या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा आहे: श्वसनाचे त्रास वाढू शकतात.

त्या चौकटीपाशी मी थांबले.

औषधाच्या कणाला आपण विचारतो: तू कशाचा बनलास? किती दिवस राहणार? मागे काय ठेवून जाणार? विचारायलाच हवं. ॲस्बेस्टॉसचे लांब तंतू शरीरातल्या भक्षक पेशींना गिळता येत नाहीत. ते आत रुतून बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी उगवतो.

पण डिझेलच्या धुरातले असंख्य कणही 100 नॅनोमीटरहून लहान असतात. त्याच वाटेने आत जातात, सूज आणतात. त्यांच्यावर कुठे चौकट असते? पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी दर घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. भारताचं मानक आहे 40.

कुणी म्हणेल, औषध मुद्दाम दिलं जातं, धूर नुसता होतो. दोन्हींची जबाबदारी सारखी कशी? शिवाय त्या धुरावर कुणाचं तरी पोट चालतं. हे खरं आहे. टेम्पो एका रात्रीत बंद करा, असं मी म्हणणार नाही. पण धूर होणार हे आधीपासून माहीत असेल, तर ‘नुसता होतो’ ही सबब किती दिवस चालणार? आणि त्याची किंमत सिग्नलवर गजरे विकणारी बाई भरते, काचा बंद केलेल्या गाडीतला माणूस तेवढी भरत नाही. तिला कुणी विचारलेलं नसतं.

मला भीती औषधाची वाटत नाही. उद्या आलं तर मी रांगेत उभी राहीन. भीती वाटते ती ‘आता चांगली औषधं आहेत ना’ या वाक्याची. कारण त्या दिवशी हवेचा प्रश्न सगळ्यांचा राहणार नाही. ज्याला परवडेल तो आपापला सोडवेल. औषध हवंच. फक्त ते स्वच्छ हवेच्या बदल्यात नको.